कामाला वेग आला आहे

नाशिकच्या कुठल्याही वर्तमानपत्राचं शहराचं पान उघडा. वरच्या बाजूला सिंहस्थाच्या कामांना वेग आलेला असतो. शेजारच्या रकान्यात गंगापूर धरणातून इतक्या इतक्या क्युसेक वेगाने पाणी सोडलेलं असतं. खाली उजव्या हाताला एक कंटेनर भरधाव वेगाने आलेला असतो. त्याच्याखाली पोलिसांनी तपासाची चक्रं वेगाने फिरवलेली असतात आणि कोपऱ्यातल्या चौकटीत महापालिकेच्या इच्छुकांच्या हालचालींनी वेग घेतलेला असतो. सगळं शहर असं धावत सुटलेलं वाचून माणूस गाडी काढतो आणि द्वारकेच्या चौकात येऊन उभा राहतो. इतका वेळ उभा राहतो, की तेवढ्यात क्रीडापानही वाचून व्हावं.

या 'वेग' शब्दाचं मला मनापासून कौतुक आहे. बातमीदाराच्या हाताखाली इतका निमूट राबणारा शब्द दुसरा नाही. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की अंतराला वेळेने भागलं की चाल मिळते आणि तिला दिशा जोडली की वेग. बातमीतल्या वेगाला अंतर नसतं, वेळ नसते, आणि दिशेबद्दल तर बोलायलाच नको. तरी तो असतो. भौतिकशास्त्राला जे साधलं नाही ते तालुका वार्ताहराने रोज रात्री नऊच्या आत साधून दाखवलं आहे.

आधी 'भरधाव' घेऊ. भरधाव म्हणजेच पूर्ण वेगाने, पण बातमीत त्याला पुन्हा 'वेगाने' जोडल्याशिवाय गाडी हलत नाही. हा शब्द बातमीदाराचा नव्हे, तो पोलिस ठाण्यातून येतो. फिर्यादीत वाहन 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने' चालवलेलं असावंच लागतं, कारण गुन्हाच तसा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ खाली नोंदला जायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली नोंदला जातो. कायदा बदलला, कलम बदललं, भरधाव तेवढा जागेवर राहिला. अपघातात दोन वाहनं असली तर मोठं वाहन भरधाव ठरतं, हा बातमीचा नियम आहे. आणि सगळ्यांत भरधाव असतं ते अज्ञात वाहन. त्याचा नंबर माहीत नसतो, रंग माहीत नसतो, ते ट्रक होतं की टेम्पो हेही कुणी पाहिलेलं नसतं. मात्र ते भरधाव होतं, एवढं पक्कं माहीत असतं. हसू येतं खरं, पण ज्याच्या घरचं माणूस मुंबई-आग्रा रस्त्यावर गेलं त्याला ताशी किती किलोमीटर हे ऐकायचं नसतं. चूक कुणाची, एवढंच त्याला हवं असतं. म्हणजे इथे वेग म्हणजे दोष. मोजायचा नाही, लावायचा.

त्याच पानावर चार इंच वर गेलं की वेग म्हणजे गुण होतो. 'उड्डाणपुलाच्या कामाला वेग', 'घाटांच्या कामाला वेग', 'भूसंपादनाला वेग'. हा वेग कोण आणतो ते कळत नाही. मराठीत त्याला कर्ता लागत नाही, तो आपला येतो. अंगात वारं यावं तसा येतो आणि उतरला की कुणी विचारत नाही. त्याच्या येण्याच्या वेळा मात्र ठरलेल्या आहेत. पालकमंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी येतो, आचारसंहितेच्या आधीच्या आठवड्यात येतो, आणि पाऊस तोंडावर आला की नालेसफाईला येतो. बातम्या नीट वाचत गेलं की त्याच्या पायऱ्याही लक्षात येतात. आधी कामाला 'वेग येणार' असतो. मग 'लवकरच वेग येणार' असतो, म्हणजे थोडा उशीर आहे. मग वेग 'आला'. त्यानंतर तो 'मंदावला', म्हणजे ठेकेदाराचं बिल अडकलं. पुढे काम 'कासवगतीने' आणि मग 'रखडले'. एकदा रखडलं की सुटका एकच. ते 'युद्धपातळीवर' हाती घ्यावं लागतं. महायुद्धं जेवढी वर्षं चालली त्यापेक्षा जास्त वर्षं आपली काही कामं युद्धपातळीवर चालू आहेत, आणि शत्रू कोण हे अजून जाहीर झालेलं नाही.

सरकारी प्रसिद्धिपत्रकात सहसा वेग नसतो, तिथे 'गती' असते. 'अधिकाऱ्यांनी कामांना गती द्यावी' असे निर्देश असतात. काम कसं चाललंय विचारलं, तर ते 'प्रगतिपथावर' असतं. आता नाशिकच्या माणसाला गती या शब्दाचा आणखी एक अर्थ जन्मापासून ठाऊक असतो. रामकुंडावर देशभरातून लोक येतात ते गेलेल्या माणसाला गती मिळावी म्हणून. हातात लाल कापडाची पुरचुंडी, मागे उभे मुलगे, पायरीवर बसलेले गुरुजी. अस्थी पाण्यात सोडल्या की काम झालं. त्यामुळे अमुक प्रस्तावाला गती मिळाली असं वाचलं की आमच्यातले जाणते लोक चष्मा काढून क्षणभर गप्प बसतात. काही प्रस्तावांच्या बाबतीत ते बरोबरही ठरतात.

सिंहस्थाचं बोलावं तर तिथे एक मोठी गंमत आहे. हा सगळा सोहळा ज्याच्या चालीवर ठरतो तो गुरू. तो सिंह राशीत आला की सिंहस्थ. २००३ ला झाला, २०१५ ला झाला, आणि आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण असून २०२७ मध्ये अमृतस्नानं आहेत. सूर्याभोवती गुरू सेकंदाला सुमारे तेरा किलोमीटर, म्हणजे ताशी सत्तेचाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पळतो. याला खरा वेग म्हणायचं. आणि तरीही त्याच्या कामाला वेग आला अशी बातमी आजवर कुठे छापून आलेली नाही. त्याने कुणाची आढावा बैठक घेतली नाही की कुणाला कडक शब्दांत सुनावलं नाही. बरं, तोही अधूनमधून मागे सरतो. दरवर्षी काही महिने तो वक्री असतो. पण कधी वक्री होणार आणि कधी मार्गी लागणार हे त्याने आधीच पंचांगात छापून ठेवलेलं असतं. आमची कामंही वक्री होतात. फक्त ती कधी होणार ते पंचांगात सापडत नाही, खोदलेल्या रस्त्यावर गेल्यावर कळतं.

वेगाच्या बातम्यांत नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेची सर कशालाच यायची नाही. हिच्या नावातच वेग आहे. महारेलचा सुमारे २३५ किलोमीटरचा प्रकल्प. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण अशी जाणारी गाडी, वेग ताशी २००, नाशिकहून निघालं की दोन तासांच्या आत पुणे. इतकी वर्षं मी या गाडीच्या बातम्या वाचतो आहे की रूळ नसले तरी स्टेशनं पाठ झाली आहेत. तिच्या बाबतीत वेगाची सगळी रूपं वापरून झाली. प्रकल्प 'सुसाट' सुटला, 'ट्रॅकवर' आला, त्याला 'हिरवा कंदील' मिळाला, 'ब्रेक' लागला, पुन्हा 'वेग' आला. आणि मग नारायणगावजवळ खोडदला एक वेगळीच अडचण उभी राहिली. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या आहेत, आणि फार फार लांबच्या ताऱ्यांकडून आलेल्या क्षीण रेडिओलहरी ऐकत असतात. गाडी शेजारून गेली तर विजेच्या खडखडाटात त्या ऐकू यायच्या नाहीत. रेल्वेने तो मार्ग नाकारला आणि शिर्डीवरून वळसा घालण्याचा विचार पुढे आला. ताशी २०० ने जाऊ पाहणारी गाडी कुणी अडवली, तर सेकंदाला तीन लाख किलोमीटर येणाऱ्या लहरींनी. अशा पराभवात कमीपणा नाही. त्या लहरी केव्हाच्या निघालेल्या आहेत आणि अजून वाटेत आहेत, आपली गाडी तर निघालेलीच नाही. तोवर आपण एसटीने किंवा आपापल्या गाडीने चाकणच्या कोंडीत उभे राहून वर्तमानपत्र वाचायला मोकळे.

नाशिककरांना खरा वेग ठाऊकच नाही, असं मात्र कुणी समजू नये. त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या डोंगराळ भागात सावरपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत धावायला लागली आणि वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं 'सावरपाडा एक्स्प्रेस'. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य, वेळ बत्तीस मिनिटांच्या आत. हिशेब मांडला तर ताशी एकोणीस किलोमीटरच्या जवळपास. आकडा म्हणून बघाल तर शाळकरी पोराची सायकलही त्याच्या पुढे जाईल. पण या बातमीत अंतर होतं, वेळ होती, आणि कुठून निघून कुठे पोहोचली हेही होतं. म्हणून तो वेग कुणाला समजावून सांगावा लागला नाही. क्रीडापानाचं हे नेहमीच बरं असतं. गोलंदाज 'मध्यमगती' असेल तर ते सरळ मध्यमगती लिहितात, त्यात त्या गोलंदाजाला कमीपणा वाटत नाही आणि संपादकाला फोन येत नाही. आता 'गोदाघाटाचे सुशोभीकरण मध्यमगतीने सुरू' अशी बातमी करून बघा. खरी ठरेल, पण छापून यायची नाही.

शेतीच्या पानावरचा वेग आणखी वेगळा. 'द्राक्षबागांच्या छाटणीला वेग' ही बातमी निफाड-दिंडोरीकडून दर वर्षी येते. आता छाटणीचा मजूर काही धावत छाटत नाही. काडीवरचे डोळे मोजत, कात्री जपून चालवत तो गेल्या वर्षी जेवढा चालला तेवढाच यंदा चालणार. घाई केली तर बागाईतदारच त्याला बांधावर नेऊन बसवील. इथे वेग याचा अर्थ एवढाच की काल चार बागांत छाटणी चालू होती, आज चाळीस बागांत आहे. म्हणजे एकाचा वेग वाढलेला नाही, गर्दी वाढली आहे. कांद्याला तर वेग शब्द पुरतच नाही. लासलगावला भाव खाली आला की तो घसरतो, कोसळतो, गडगडतो. वर गेला की जिल्ह्याच्या पानावर तो 'सावरतो' आणि मुंबईच्या पानावर 'भडकतो', 'रडवतो'. कांदा तोच, दिवस तोच. वाचणारा विळी घेऊन बसलाय की ट्रॅक्टर घेऊन उभा आहे, त्यावर क्रियापद ठरतं.

आणि आता माझं लाडकं उदाहरण: 'दहा हजार क्युसेक वेगाने विसर्ग'. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. ते पाणी किती आलं याचं माप आहे, किती जोरात आलं याचं नव्हे. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर रिकामे होणं. तेच पाणी रुंद पात्रात पसरलं तर संथ चालेल, पुलाखालच्या अरुंद जागेत शिरलं तर अंगावर येईल. विसर्ग तोच, वेग निराळे. पाटबंधारेवाले आपल्या निरोपात नुसता 'विसर्ग' लिहितात. वर्तमानपत्राच्या टेबलावर येईपर्यंत त्याला वेग चढतो. हे पाणी पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून जायकवाडीकडे 'झेपावतं'. सकाळी इथे झेपावलेल्या पाण्याची पैठणला मात्र अजून वाटच पाहणं चालू असतं.

नाशिककर या क्युसेकच्या भानगडीत पडत नाही. गंगेला पूर आला की तो एकच प्रश्न विचारतो. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) 'मारुतीला कुठपर्यंत आलंय?' गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे, शेंदूर लावलेला, भक्कम. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं तर लोक चहा घेऊन बघायला जातात. कमरेला आलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवतात. छातीला आलं की सराफ बाजारात दुकानांची फळकुटं लागतात आणि भांडीबाजारातले लोक माल माडीवर चढवतात. गळ्याला आलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासा झाला तेव्हा कुणाला क्युसेकचा आकडा सांगावा लागला नाही. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, मारुती गेला पाण्यात, तुम्ही आज निघू नका," आणि विषय संपला.

यातली खरी मौज अशी की मारुती हा वेगाचा देव. वाऱ्याचा मुलगा, मनाइतका चपळ, एका उडीत समुद्र ओलांडणारा. शिवाय आमच्याच गावचा. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीचा डोंगर आहे आणि मारुतीचा जन्म तिथलाच, याबद्दल नाशिकमध्ये दुमत नाही. त्याला आम्ही घाटावर उभा केला तो जागचा न हलण्यासाठी. तो हलला असता तर पूर मोजता आला नसता. वेग सांगायचा तर कुणीतरी एक जागेवर पक्कं उभं असावं लागतं, ही गोष्ट गल्लीतल्या पोरालाही कळते. बातमीत नेमकी तीच उणीव असते. तिथे काम धावतं, प्रस्ताव धावतो, चर्चा धावते, आणि मोजायला मारुती नसतो.

यात बातमीदारांनाच दोष देऊन मी मोकळा होणार नाही. एके काळी सुरगाण्या-पेठचा वार्ताहर कागदावर बातमी लिहून ते पाकीट एसटीच्या वाहकाच्या हातात द्यायचा, आणि बातमी एसटीच्या चालीने नाशिकच्या कचेरीत पोहोचायची. मजकूर रात्री जुळायचा. वाटेत विचार करायला वेळ होता, तालुक्याच्या गावी फोन लावून 'किती झालं रे?' असं विचारायला संध्याकाळ होती. आता बातमी मोबाइलवरून घटनेच्या आधी आली नाही एवढंच. वाहिन्यांवर दहा मिनिटांत शंभर बातम्या सुपरफास्ट सांगतात. म्हणजे बातमीमागे सहा सेकंद, त्यात एखादी स्त्री विहिरीत पडलेली असते आणि एखादा पूल मंजूर झालेला असतो. खालच्या वार्ताहराला रकान्यामागे जे मिळतं त्यात त्याने पुलाचे खांब मोजत हिंडावं अशी अपेक्षा कुणी करू नये. अधिकारी म्हणतो, काम चालू आहे. ठेकेदार म्हणतो, होतंय. गावकरी म्हणतात, काही होत नाही. तिघांचंही मन राखील असा एकच शब्द त्याच्यापाशी उरतो. वेग म्हटलं की अधिकारी खूश, ठेकेदार खूश, आणि गावकऱ्याला वाटतं बाबा, निदान आशा आहे. या शब्दाने कुणाचं कधी वाकडं झालेलं नाही. म्हणून तर तो इतका टिकला.

तरी वाचकाने आपलं काम सोडू नये. आपल्याला कुणी सांगितलं, 'मुलाच्या लग्नाच्या हालचालींना वेग आलाय', तर आपण लगेच विचारतो, मुलगी कुठली, तारीख कधीची, कार्यालय ठरलं का? सोयऱ्याला विचारतो ते वर्तमानपत्राला विचारायला काय हरकत आहे? उड्डाणपुलाला वेग आला, ठीक. किती खांब झाले, किती राहिले? जलवाहिनीला वेग आला, छान. कुठल्या गावापर्यंत आली? रेल्वेला वेग आला, आनंद आहे. जमीन किती एकर हातात आली? बातमीदारालाही हे अवघड नाही. शेवटच्या ओळीत एक आकडा आणि एक तारीख घातली की झालं, आणि पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा तपासली की तो पत्रकार. शब्द बदलायची गरज नाही, वेग बिचारा राहू दे. पण नाशिकच्या लोकांनी पुराला जो प्रश्न विचारायची सवय लावून घेतली आहे, तो महापालिकेला, रेल्वेला आणि सिंहस्थालाही विचारावा. किती वेगाने ते नंतर सांगा, आधी कुठपर्यंत आलं ते बोला.